घोटभर पाण्यातला मंगळ

शेतातली माती तपासायला दिली की प्रयोगशाळेत ती पाण्यात कालवून सामू आणि क्षार मोजतात. परग्रहावर हे काम पहिल्यांदा झाले ते २००८ मध्ये. त्या वर्षी २५ मे रोजी नासाचा ‘फिनिक्स’ लँडर मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या मैदानात उतरला. त्याच्यावर चार छोटे पेले बसवलेले होते. प्रत्येक पेला एकदाच वापरायचा.

रीत अशी : टाकीत गोठलेले द्रावण वितळवून २५ मिलिलिटर पेल्यात सोडायचे. त्यात संवेदक जुळवून घ्यायचे. मग यांत्रिक हाताने उकरलेली सुमारे एक घन सेंटिमीटर माती टाकून ढवळायची. पेल्याच्या आतल्या भिंतींवर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे वेगवेगळे आयन ओळखणारे संवेदक होते. माती मात्र चिकट निघाली. माती तापवून तपासणाऱ्या शेजारच्या भट्टीच्या जाळीवर तर ती अडकून बसली, खाली उतरेचना.

जूनअखेर पहिल्या पेल्याचा निकाल आला. माती अल्कधर्मी निघाली; पुढे तिचा सामू ७.७ च्या आसपास ठरला, म्हणजे किंचितच अल्कधर्मी. मंगळावर अ‍ॅस्परॅगस पिकेल, अशाही बातम्या झळकल्या. गोंधळ उडवला तो नायट्रेटसाठी बसवलेल्या संवेदकाने. त्याचा संकेत इतका तीव्र होता की तो नायट्रेटचा मानला, तर पेल्यात टाकलेल्या मातीपेक्षा नायट्रेटचेच वजन जास्त भरत होते! हा संवेदक परक्लोरेटला, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेल्या क्षाराला, कितीतरी अधिक संवेदनशील असतो. तोच धागा धरून उत्तर सापडले : मातीत सुमारे अर्धा टक्का परक्लोरेट होते.

या आकड्याने जुने कोडे उलगडायला मदत केली. १९७६ मध्ये ‘व्हायकिंग’ लँडरांनी सेंद्रिय पदार्थ शोधण्यासाठी मंगळावरची माती ५०० अंशांपर्यंत तापवली होती. त्यांना मिळालेली क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावकांची म्हणून बाजूला ठेवली गेली. परक्लोरेट थंडीत निमूट असते. तापले की ऑक्सिजन सोडते आणि सेंद्रिय पदार्थ जाळून टाकते. २०१० मध्ये संशोधकांनी अटाकामा वाळवंटातल्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तेव्हा तशीच क्लोरीनयुक्त संयुगे निघाली. म्हणजे जे शोधायचे, तेच भट्टीने जाळले असण्याची शक्यता होती. ‘फिनिक्स’च्या पेल्यातल्या पाण्याने मात्र क्षार जसेच्या तसे पुढे ठेवले.

पुढे नासाच्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरलाही मंगळावरच्या गेल विवरात परक्लोरेटच्या खुणा मिळाल्या. मंगळावर वस्तीचे बेत आखणाऱ्यांना हा क्षार थायरॉइडला अपायकारक म्हणून नको आहे आणि ऑक्सिजनचा साठा म्हणून हवाही आहे. जीवसृष्टीच्या खुणा शोधणाऱ्यांना मात्र भट्टी पेटवण्याआधी त्याचा हिशेब मांडावाच लागतो.