एक विषय, एक प्राध्यापक

विशेष प्रतिनिधी

पुणतांबा : गोदाकाठचे पुणतांबा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते प्रामुख्याने दोन कारणांनी. येथे योगी चांगदेवांची समाधी आहे आणि १ जून २०१७ रोजी राज्यातील शेतकऱ्यांच्या संपाची ठिणगी याच गावातून पडली. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे स्थानक. शिर्डीकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. मनमाडच्या दिशेला कोपरगाव, दौंडच्या दिशेला श्रीरामपूर. बारावीनंतर या पट्ट्यातील जी मुले-मुली पुण्या-नाशिकला जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी पदवीचा मार्ग अशाच तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांतून जातो. त्यांतील मोठा वर्ग कला शाखेचा असतो.

शहरी वाचकाला महाविद्यालय म्हटले की इमारत, वसतिगृह, प्रवेशाची टक्केवारी आठवते. लहान गावातील कला महाविद्यालयाची खरी मालमत्ता मात्र वेगळीच असते. ती म्हणजे तेथे शिकवणारी दहा-वीस माणसे. प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत; ग्रंथालय आहे आणि शिक्षक आहे. अशा ठिकाणी एखादा विषय शिल्लक राहतो किंवा लोप पावतो तो त्या विषयाच्या प्राध्यापकाबरोबर. म्हणूनच हा अध्यापकवर्ग नेमला कसा जातो आणि त्यांच्या जागा रिकाम्या का राहतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पंच्याहत्तर रुपये आणि वीस वर्षे

महाराष्ट्रात कला महाविद्यालयाची कल्पना रुजली तीच मुळी शिक्षकांच्या बांधिलकीवर. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ च्या जानेवारीत पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. संस्थेच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करावयाची, असा दंडक होता. संस्था चालविणारेही तेच आणि वर्गात उभे राहणारेही तेच. गोपाळ गणेश आगरकर १८९२ पासून १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्राचार्य होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले व १९०२ मध्ये ते निवृत्त झाले.

ही व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. सदस्यांच्या बाहेरील कामावरून व मिळकतीवरून वाद झाले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. तथापि, त्यांच्या जाण्याने गणिताचा वर्ग ओस पडला नाही. १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे गणित शिकविण्यासाठी आले आणि १९१४ पर्यंत शिकवीत राहिले. माणूस गेला तरी विषयाची जागा रिकामी राहू द्यायची नाही, हे त्या व्यवस्थेचे सूत्र होते.

ऊस, रयत आणि महाविद्यालये

नगर जिल्ह्यात म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात उच्च शिक्षणाची पायाभरणी डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी केली. त्यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. पुढे दोन वर्षांतच पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि हा जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. दरम्यान प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला. त्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. या परिसरातील सहकाराच्या मुळाशी एक प्राध्यापक उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

साठच्या दशकात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने श्रीरामपूर आणि कोपरगाव येथे महाविद्यालये काढली. संगमनेर महाविद्यालयही त्याच दशकातले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयतमध्येही आजीव सदस्य व आजीव सेवकांची परंपरा आहे. मात्र फर्ग्युसन आणि या महाविद्यालयांत एक मोठा फरक पडला होता. आता शिक्षकाचे वेतन शासनाच्या अनुदानातून येणार होते. त्यामुळे अध्यापकाला आर्थिक स्थैर्य लाभले, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याचबरोबर पद निर्माण करण्याची आणि भरण्याची किल्ली संस्थेच्या हातून मंत्रालयात गेली.

पद निर्माण होते तरी कसे?

अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचे पद कार्यभारावरून ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ घड्याळी तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. तासिका ४८ मिनिटांची धरली तर हे २० तासिकांइतके होते.

आता पुणे विद्यापीठाच्या बी.ए.चा अनेक वर्षे चाललेला आराखडा पाहू. प्रथम वर्षाला विषयाचा एक सामान्य स्तराचा पेपर. द्वितीय वर्षाला एक सामान्य व दोन विशेष. तृतीय वर्षाला पुन्हा एक सामान्य व दोन विशेष. एकूण सात पेपर. प्रत्येकी आठवड्याला चार तासिका धरल्या तर एका तुकडीसाठी २८ तासिका होतात. त्यांतील २० तासिकांना एक पूर्णवेळ प्राध्यापक. उरल्या आठ. आठ तासिकांवर दुसरे पूर्णवेळ पद मिळत नाही. लहान महाविद्यालयात इतिहास, राज्यशास्त्र किंवा मराठी या विषयाचा विभाग अनेकदा एकाच माणसाचा का असतो, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. विभागप्रमुख तोच आणि विभागही तोच!

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला. विशेष विषयाच्या जागी प्रमुख व दुय्यम विषय आले, श्रेयांकांचा हिशेब आला. चौथे वर्ष सुरू करावयाचे तर तासिका वाढणार आणि माणसेही लागणार. पण कार्यभारावरून पद, हे मूळ गणित बदललेले नाही.

कार्यभार सिद्ध झाला तरी पद लगेच भरता येत नाही. शासनाची परवानगी, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, विद्यापीठाच्या प्रतिनिधींसह निवड समितीची मुलाखत, विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून वेतन, असा हा प्रवास आहे. उमेदवार पदव्युत्तर पदवीबरोबर नेट किंवा सेट उत्तीर्ण असावा लागतो. पीएच.डी. झालेल्यांना काही अटींवर यातून सूट आहे.

तासाचा हिशेब

या साखळीतील एक कडी अडली की सारेच थांबते. २०१७ मध्ये राज्यात प्राध्यापक भरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली. ती भरती पूर्ण होण्याआधीच मे २०२० मध्ये करोनाच्या आर्थिक संकटामुळे नव्या भरतीला खीळ बसली. उरलेल्या २,०८८ पदांचा मार्ग २०२१ मध्ये मोकळा झाला. दरम्यान निवृत्त होणारे निवृत्त होतच होते.

रिकाम्या जागी येतो तो तासिका तत्त्वावरील अध्यापक. पात्रता तीच, अभ्यासक्रम तोच, विद्यार्थीही तेच. फरक हिशेबाचा. सातव्या वेतन आयोगानुसार पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. तासिकावाल्याला घेतलेल्या तासांचेच मानधन. सुटीत काही नाही, आणि पुढील वर्षी नेमणूक होईल याची शाश्वतीही नाही. साहजिकच एकाच विषयाचा अध्यापक सकाळी एका गावात व दुपारी दुसऱ्या गावात तास घेताना दिसतो. नेट-सेट होऊन, पीएच.डी. करून पस्तिशी-चाळिशी अशीच ओलांडलेल्यांची एक पिढीच राज्यात तयार झाली आहे.

विद्यार्थ्याचे काय जाते?

तास तर होतात, मग बिघडले कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. बिघडते ते तासाबाहेर. संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापक अभ्यासक्रम ठरवीत नाही. ते काम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे. परदेशातील लहान कला महाविद्यालयांत शिक्षक स्वतः पाठ्यक्रम आखतो, तसे स्वातंत्र्य येथे नाही. येथील शिक्षकाचे वेगळेपण दिसते ते अन्य गोष्टींत. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीला कोणता विषय घ्यावा हे सांगणे, ग्रंथालयातून नेमके पुस्तक काढून देणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात गावाचा अभ्यास करवून घेणे, स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मपासून एम.ए.च्या प्रवेशापर्यंत सोबत करणे. या कामांची तासिका नसते, म्हणून तासाच्या हिशेबात ती बसत नाहीत.

पुणतांब्यासारख्या गावात तर अभ्यासाचे साहित्य पावलापावलावर आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले व उत्तरादाखल ‘चांगदेव पासष्टी’च्या ६५ ओव्या आल्या, ही कथा मराठीच्या विद्यार्थ्याला आपल्या गावच्या समाधीपाशी उभे राहून समजून घेता येते. शेतमालाचे भाव आणि कर्जमाफी हे अर्थशास्त्राचे प्रकरण २०१७ मध्ये येथील ग्रामसभेतच घडले. कालवा, ऊस आणि साखर यांचा भूगोल तर डोळ्यांसमोर आहे. पण हे पुस्तकाशी जोडून द्यायला त्या परिसरात पाच-दहा वर्षे मुरलेला शिक्षक हवा. दरवर्षी बदलणाऱ्याकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

विषयाचा प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की पुढे त्या विषयाची विशेष स्तरावरील निवडच धोक्यात येते. ज्याला शक्य आहे तो विद्यार्थी दुसऱ्या शहरात जातो. जिला घरून रोज ये-जा करण्याचीच परवानगी आहे, ती विषय बदलते. तिने काय गमावले, याची नोंद कोणत्याच आकडेवारीत होत नाही.

दुसरी बाजू

शासनाचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. एकदा भरलेल्या पदाचा भार तिजोरीवर तीस वर्षे राहतो. विद्यार्थी व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळले तर कला शाखेतील कार्यभार घटतो आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय कायम नेमणूक म्हणजे उत्तम अध्यापन, असे समीकरण मांडता येत नाही. निवडीतील पारदर्शकतेविषयीही वेळोवेळी शंका घेतल्या गेल्या आहेत. २०१३ मध्ये प्राध्यापकांनी थकबाकी व नेट-सेटच्या प्रश्नावर परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्याची झळ विद्यार्थ्यांनाच लागली, हेही पालक विसरलेले नाहीत.

परंतु या आक्षेपांचे उत्तर चोख निवड आणि नियमित मूल्यमापन हे आहे. जागा रिकामी ठेवणे हे नव्हे. कार्यभार घटला असेल तर पद कमी करावे. कार्यभार असताना पद रिकामे ठेवून तेच काम तासावर करून घेण्याचे समर्थन कशाच्या आधारे करणार?

पालकांनी काय पाहावे?

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेला म्हणजे ‘नॅक’ला सामोरे जाणारे महाविद्यालय आपला स्वयंमूल्यमापन अहवाल संकेतस्थळावर ठेवते. त्यात मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ अध्यापक किती, याची नोंद असते. प्रवेश घेताना श्रेणीच्या अक्षराबरोबर हा आकडाही पाहावा. आपल्या पाल्याला जो विषय घ्यावयाचा आहे त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक आहे काय आणि असल्यास त्याच्या निवृत्तीला किती वर्षे उरली, हे प्राचार्यांना विचारण्यात संकोच बाळगू नये.

परंपरा सांगते की शेकडो वर्षांचे आयुष्य लाभलेल्या चांगदेवांना अखेर गुरू भेटला तो वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईच्या रूपाने. त्यांच्याकडे वाट पाहण्यास अवधी होता. बी.ए.च्या विद्यार्थ्याच्या हाती जेमतेम तीन-चार वर्षे असतात.