प्रकाशाचा चटका, वाफेचा बुडबुडा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं ‘पंचवटी’ हे सर सी. व्ही. रामन यांचं घर. जवळच्याच भारतीय विज्ञान संस्थेत असताना, १९३५-३६ मध्ये, त्यांनी नागेंद्र नाथ यांच्यासह ध्वनिलहरी प्रकाशाची वाट कशी बदलतात याचा सिद्धांत मांडला. २०२३ मध्ये त्याच संस्थेतल्या जया प्रकाश आणि अशोक रायचूर यांच्या गटाने प्रकाशातून ध्वनी मिळवला, तोही कर्करोग शोधण्यासाठी.

त्यांचे कण कॉपर सल्फाइड आणि सोन्याचे, आठ नॅनोमीटरपेक्षाही लहान. प्रकाश पडला की ते तापतात. या उष्णतेने कर्करोगाची पेशी मरते आणि कणांपासून निघालेल्या ध्वनिलहरींवरून तिचा ठावठिकाणा कळतो. फुप्फुस आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत याची चाचणी झाली.

इथे बुडबुडा नाही. तो हवा असेल तर प्रकाश फार थोडा वेळ द्यावा लागतो.

प्रकाश पडतच राहिला, तर उष्णता शेजारच्या निरोगी पेशींपर्यंत पसरते. लेझरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरताच असेल, तर तिला पसरायला उसंतच मिळत नाही. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हिंदकळतात, कण क्षणात तापतो आणि त्याला बिलगलेल्या पाण्याची वाफ होते. तापल्या तव्यावरचा थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगतो आणि लगेच उकळत नाही. इथेही वाफेचं कवच उष्णता अडवतं. बुडबुडा फुगून कोसळतो, त्या धक्क्याने पेशी फाटते, शेजारीण मात्र भाजत नाही. या तंत्राचं खरं मोल इथे आहे.

अमेरिकेत राइस विद्यापीठातले दिमित्री लापोत्को यांनी २०१६ मध्ये उंदरांवर ते दाखवलं. प्रतिपिंडं जोडलेले सोन्याचे कण कर्करोगाच्या पेशींत पुंजक्याने जमतात, आणि पुंजक्यातून बुडबुडा सहज उठतो. त्यामुळे शस्त्रक्रियेत मागे राहिलेल्या मोजक्या पेशीही बुडबुड्याच्या आवाजावरून सापडल्या. त्याआधी, २०१४ मध्ये, त्यांच्या गटाने उंदरांमधला मलेरिया रक्त न काढता ओळखला होता. तिथे सोनं लागलंच नाही. हिमोग्लोबिन पचवून परजीवी लोहयुक्त स्फटिक मागे ठेवतो. त्या स्फटिकानेच प्रकाश शोषला आणि बुडबुडा उठला. सुईला घाबरणाऱ्या तापकरी लेकरासाठी अशी तपासणी खरोखर यायला हवी.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात हेच बुडबुडे पेशीच्या आवरणाला बारीक भोकं पाडून आत औषधी रेणू पोचवतात.

अडचण खोलीची आहे. अवरक्त प्रकाशही शरीरात फार आत जात नाही. म्हणून हे तंत्र सध्या शोभतं ते त्वचेजवळ, शस्त्रक्रियेच्या उघड्या जखमेत किंवा एंडोस्कोपीच्या नळीतून पोचता येईल अशा ठिकाणी.