इसबावर प्रोबायोटिकच्या गोळ्या : पैसे घालण्याआधी हे वाचा

बेळगाव : मराठीत इसब, कन्नडमध्ये इसुबु. नाव जवळपास एकच आणि खाजही तीच. ही खाज काही केल्या जाईना म्हटलं की हल्ली मेडिकलमध्ये नाहीतर मोबाइलवर एक नवा उपाय सुचवला जातो, तो म्हणजे प्रोबायोटिकची कॅप्सूल. ‘पोट सुधारलं की त्वचा सुधारते’ हे ऐकायला पटतं. पण मोठ्या माणसांच्या इसबावर तिचा खरंच उपयोग होतो का?

प्रोबायोटिक म्हणजे शरीराला उपकारक मानले जाणारे जिवंत जिवाणू. आतड्यातल्या जिवाणूंचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध आहे आणि इसबात तीच शक्ती गरजेपेक्षा जास्त चवताळते. म्हणून ही कल्पना पुढे आली. 2001 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी गर्भवती मातांना व नंतर बाळांना असे जिवाणू दिले, तेव्हा दोन वर्षांच्या वयात इसब असलेल्या मुलांचं प्रमाण निम्म्यावर आलं. जाहिरातींना बळ मिळालं ते अशा अभ्यासांमुळे. पण तो इसब होऊ नये म्हणून केलेला प्रयोग होता, झालेला बरा करण्याचा नव्हे. आणि तोही बाळांवर.

उपचाराचा हिशेब 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात मिळतो. त्यात 39 चाचण्या आणि सुमारे 2,600 रुग्ण होते, बहुतेक मुलंच. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या खाज आणि झोपेच्या त्रासात जवळजवळ काहीच फरक नव्हता. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या 103 गुणांच्या मापावर सुमारे 4 गुणांची घट दिसली. रुग्णाला जाणवायला ती 8-9 तरी लागते. फक्त प्रौढांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. इटलीत एका विशिष्ट जिवाणूने प्रौढांना फायदा झाल्याचं दिसलं, पण त्यात जेमतेम 38 जण होते. शिवाय एका जातीचा गुण दुसरीला लागू होत नाही, त्यामुळे डब्यावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं पुरेसं नाही.

मग शेजाऱ्याला गुण आला तो कसा? इसब आपोआप कमी-जास्त होत राहतो. कोरड्या थंडीत उसळलेली खाज पुढे हवा बदलली की काहींची आपसूक उतरते, आणि श्रेय जातं मधल्या काळात घेतलेल्या कॅप्सूलला.

रोजची एक कॅप्सूल 30 रुपयांची धरली तरी तीन महिन्यांचे 2,700 रुपये होतात. तेवढ्यात त्वचारोगतज्ज्ञाची तपासणी आणि चांगलं मॉइश्चरायझर भागू शकतं. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच ते लावणं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मलम ठरलेले दिवस वापरणं, हाच आजही मुख्य उपचार आहे. नायट्याला इसब समजून स्टेरॉइडचं मलम चोळत बसणारेही कमी नाहीत. त्याने नायटा आणखी पसरतो.

निरोगी माणसाला या कॅप्सूलने सहसा अपाय होत नाही. मात्र प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दही-ताक जेवणात खुशाल असू द्या, फक्त इसबाचं औषध म्हणून नव्हे. आणि फूड सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावरची बारीक अक्षरं एकदा वाचा : ‘औषधी वापरासाठी नाही’ असं त्यावर कायद्यानेच छापावं लागतं.