समुद्रात उभा डोंगर, डोंगरावर सायकल

'टूर द फ्रान्स' ही जगातील सर्वांत प्रतिष्ठेची सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. या शर्यतीने स्वतःच्या देशाबाहेर जाण्यास कधी संकोच केला नाही. १९८७ मध्ये तिचा प्रारंभ पश्चिम बर्लिनमध्ये झाला, १९९८ मध्ये डब्लिनमध्ये आणि २००७ मध्ये लंडनमध्ये. मात्र युरोपातील फ्रान्सच्या ९६ प्रशासकीय विभागांपैकी दोन विभागांत ती तब्बल ११० वर्षे फिरकलीच नाही. हे दोन्ही विभाग एकाच बेटावरचे, कॉर्सिकावरचे. अखेर २९ जून २०१३ रोजी शंभराव्या 'टूर'चा प्रारंभ याच बेटावरील पोर्तो-वेक्किओ या गावी झाला आणि २२ संघांचे १९८ सायकलपटू उत्तरेकडे बास्तियाच्या दिशेने निघाले.

हा विलंब का झाला, याचे व्यवहारी उत्तर सोपे आहे. 'टूर' म्हणजे केवळ सायकलपटू नव्हेत. संघांच्या बस, दुरुस्तीच्या मोटारी, जाहिरातींचा ताफा, दूरचित्रवाणीची यंत्रणा, पोलिस आणि पत्रकार असा हजारो माणसांचा लवाजमा रोज एका गावाहून दुसऱ्या गावी हलवावा लागतो. तो सारा बोटींत भरून समुद्रापार न्यायचा आणि तीन-चार दिवसांत परत आणायचा, हे खर्चाचे काम. पण त्याहून अवघड प्रश्न दोन होते. एक बेटाच्या भूगोलाचा आणि दुसरा त्याच्या राजकारणाचा.

आधी भूगोल पाहू. सुमारे ८,७०० चौरस किलोमीटरचे कॉर्सिका क्षेत्रफळाने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडे मोठे आहे. उत्तर-दक्षिण लांबी १८३ किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी ८३ किलोमीटर. एवढ्याशा जागेत मोंते चिंतो हे २,७०६ मीटर उंचीचे शिखर उभे आहे आणि तेथून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा भूभाग सार्डिनियासह दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यापासून तुटला आणि वळत वळत आजच्या जागी येऊन स्थिरावला. पश्चिमेकडचा मोठा भाग ग्रॅनाइटचा, तर ईशान्येकडचा पापुद्र्यांच्या शिस्ट खडकाचा. पश्चिम किनाऱ्यावर ग्रॅनाइटचे कडे थेट पाण्यात उतरतात. पियाना गावाजवळचे तांबूस सुळके तर १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्या सुळक्यांमधून काढलेला रस्ता इतका अरुंद आहे, की समोरून पर्यटकांची बस आली तर सायकलस्वाराला पाय टेकून कड्याला चिकटून उभे राहावे लागते.

एखाद्या बेटावर किनाऱ्याने सपाट रस्ता असावा आणि डोंगर ज्याला हवा त्याने चढावा, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. कॉर्सिकात तसे नाही आणि त्यामागे इतिहास आहे. सागरी चाच्यांच्या भीतीमुळे आणि पूर्वेकडील मैदानातील हिवतापामुळे लोकांनी शतकानुशतके गावे वसवली ती उंचावर. हिवताप दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डीडीटीच्या फवारणीनंतर हटला. तोवर किनाऱ्याचा बराच भाग राहण्याजोगा नव्हता. तेथे जिनोआच्या राजवटीने बांधलेले टेहळणीचे गोल बुरूज तेवढे होते. रस्ते गावांना जोडतात आणि गावे डोंगरात, म्हणून रस्तेही डोंगरात. पूर्व किनाऱ्याचा सरळ महामार्ग हा याला अपवाद. पण तेथे वाहनांची वर्दळ एवढी, की सायकलस्वार तो शक्यतो टाळतात.

या रस्त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मध्यवर्ती पर्वतरांगेतील कित्येक रस्ते एकोणिसाव्या शतकात फ्रेंच सरकारने जंगलातील लाकूड बंदरापर्यंत आणण्यासाठी काढले. येथील लारिचिओ जातीचा पाइन सरळसोट वाढतो. त्याचे ओंडके जनावरांच्या गाड्यांतून उतरवायचे, तर रस्त्याचा उतार सौम्य ठेवणे भागच होते. म्हणून बेटावरील सर्वांत उंच डांबरी खिंड, म्हणजे १,४७७ मीटरवरील कोल द व्हेर्जिओ, ही पश्चिमेकडून चढताना आल्प्समधील खिंडींसारखी छाताडावर बसत नाही. पोर्तोच्या समुद्रकाठावरून निघालेला रस्ता एव्हिसा गाव आणि आइतोनचे अरण्य ओलांडत तीस-पस्तीस किलोमीटर चढत राहतो. चढ सरासरी चार-साडेचार टक्के, म्हणजे शंभर मीटर अंतरामागे चार-साडेचार मीटर उंची. पलीकडच्या अंगाला तो गोलो नदीच्या काठाने, स्काला दी सांता रेजिनाच्या खोल घळीतून उतरतो. बाव्हेला खिंडीचा (१,२१८ मीटर) पूर्वेकडील चढ मात्र असा दयाळू नाही. सोलेंझारापासून नदीकाठाने आरामात आलेल्या सायकलस्वाराची त्याचे शेवटचे काही किलोमीटर पुरती परीक्षा घेतात.

चढ सौम्य असला तरी काम चुकत नाही. सत्तर किलोचा स्वार आणि पाण्याच्या बाटल्यांसह दहा किलोची सायकल असे ऐंशी किलो वजन समुद्रसपाटीपासून १,४७७ मीटर वर न्यायचे, तर सुमारे ११.६ लाख ज्यूल ऊर्जा लागते. चांगला सराव असलेला हौशी सायकलपटू दीर्घकाळ साधारण दोनशे वॉट शक्ती लावू शकतो. त्या हिशेबाने नुसते वजन वर चढवायलाच ९६ मिनिटे लागतात. वारा आणि टायरचे घर्षण धरले की त्याहून जास्त. व्यावसायिक सायकलपटू हेच काम जवळपास निम्म्या वेळात उरकतो. अशा चढावर पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे मोठे ठेवून पायांची गती कायम राखणे हाच शहाणपणा. जोर लावून चढणारा तासाभरात गुडघे धरून बसतो.

खरी दमछाक मात्र मोठ्या खिंडींत होत नाही. ती होते पश्चिम किनाऱ्यावर. नकाशात हा रस्ता समुद्राला लगटून जाताना दिसतो, पण प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी तो खाली उतरतो आणि पुढच्या भूशिरासाठी पुन्हा दोन-तीनशे मीटर चढतो. दिवसभरात अशी पाच-सहा भूशिरे झाली, की एका थोर खिंडीएवढी चढाई पदरी पडते आणि तिचे नावसुद्धा कुठे नोंदले जात नाही! शिवाय सलग चढावर साधणारी लय येथे सापडत नाही. त्यात लिबेच्चो हा नैर्ऋत्येचा वारा समोरून सुटला, तर उतारावरही पायडल मारावे लागते.

उताराची कथा वेगळी. वर चढवलेली ती ११.६ लाख ज्यूल ऊर्जा खाली येताना कुठेतरी जिरवावी लागते. साधारण साडेतीन लिटर थंड पाण्याला उकळी आणेल एवढी ही उष्णता असते. सरळ उतारावर तिचा बराच भाग हवेचा रोध खातो. पण वळणावळणाच्या रस्त्यावर वेग वारंवार कमी करावा लागत असल्याने भार ब्रेकवर येतो. रिमवर दाबणारे ब्रेक सतत आवळून धरले तर रिम तापते, म्हणून जाणकार वळणाआधी थोडा वेळ जोरात ब्रेक लावून पुन्हा सोडतात. वळणापलीकडे काय असेल, याचा येथे नेम नसतो. चेस्टनटच्या झाडांखाली फळे वेचत फिरणारी मोकाट डुकरे आणि रस्त्यात बसलेल्या गाई हे कॉर्सिकातील नित्याचे दृश्य आहे. मोटारींच्या 'तूर द कॉर्स' रॅलीला 'दहा हजार वळणांची रॅली' म्हणतात, ते उगीच नव्हे.

आता २०१३ कडे परत येऊ. 'टूर'ने येथे तीन टप्पे घेतले आणि एवढ्या विलंबाने आलेल्या पाहुण्याची बेटाने पहिल्याच दिवशी फजिती केली. पोर्तो-वेक्किओ ते बास्तिया हा २१३ किलोमीटरचा, त्यातल्या त्यात सपाट टप्पा. सायकलपटू शेवटच्या टप्प्यात असतानाच ऑस्ट्रेलियाच्या ओरिका-ग्रीनएज संघाची बस अंतिम रेषेवरील कमानीखाली अडकली. आयोजकांनी घाईघाईने अंतिम रेषा तीन किलोमीटर अलीकडे आणल्याचे जाहीर केले. तेवढ्यात चाकांतील हवा काढून बस सोडवण्यात आली आणि रेषा पुन्हा मूळ जागी गेली. या गोंधळाच्या सुमारासच मोठा अपघात झाला आणि मार्क कॅव्हेंडिशसह अनेक जण मागे अडकले. त्या दिवशी पडलेल्या ब्रिटनच्या गेरेंट थॉमसच्या कटीच्या हाडाला तडा गेला होता. तरीही त्याने पॅरिसपर्यंतची शर्यत पूर्ण केली. टप्पा जिंकला जर्मनीच्या मार्सेल किटेलने.

दुसऱ्या दिवशी बास्तिया ते आजाक्सिओ या १५६ किलोमीटरच्या मार्गाने बेट आडवे ओलांडले. वाटेत १,१६३ मीटरची विझाव्होना खिंड होती. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो, तसे 'टूर'मध्ये चढांवर गुण मिळतात आणि त्यात आघाडीवर असलेल्याला ठिपक्यांचा सदरा मिळतो. त्या गुणांची चुरस येथे झाली. पण टप्पा पटकावला बेल्जियमच्या यान बाकेलांट्सने, पाठलाग करणाऱ्या जथ्याला अवघ्या एका सेकंदाने हुलकावणी देऊन. तिसरा टप्पा आजाक्सिओ ते काल्व्ही, अंतर १४५.५ किलोमीटर, म्हणजे वर वर्णन केलेला तोच पश्चिम किनारा. काल्व्हीत सायमन गेरांस काही सेंटिमीटरनी पीटर सागानच्या पुढे राहिला. गेरांस संघाने कोणता? ज्याची बस अडकली होती, तोच. पुढच्याच दिवशी नीस येथे या संघाने २५ किलोमीटरची सांघिक वेळ-शर्यत ताशी ५७.८ किलोमीटरच्या विक्रमी वेगाने जिंकली.

या तीन दिवसांत 'टूर'ने व्हेर्जिओ आणि बाव्हेला या खिंडींना हात लावला नाही, ही माझ्या मते मोठी उणीव होती. सुरुवातीलाच शर्यतीचा निकाल लागू नये, हे आयोजकांचे गणित समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे जगभरच्या प्रेक्षकांना हेलिकॉप्टरमधून किनाराच अधिक दिसला. बेटाचा आत्मा ज्या डोंगराळ गावांत आहे, ती बव्हंशी कॅमेऱ्याबाहेर राहिली.

आणि राजकारणाचा मुद्दा त्या गावांतच आहे. जिनोआने १७६८ मध्ये कॉर्सिका फ्रान्सच्या हवाली केले, तेव्हा पास्काल पाओली याच्या नेतृत्वाखाली कॉर्ते ही राजधानी असलेले स्वतंत्र राज्य तेथे नांदत होते. त्याचा पाडाव १७६९ मध्ये झाला आणि त्याच वर्षी आजाक्सिओत नेपोलियनचा जन्म झाला. स्वातंत्र्याची भावना मात्र विझली नाही. १९७६ मध्ये एफएलएनसी ही सशस्त्र संघटना उभी राहिली. त्यानंतर बॉम्बस्फोटांचे सत्र चालले. ६ फेब्रुवारी १९९८ रोजी फ्रेंच सरकारचे बेटावरील सर्वोच्च प्रतिनिधी क्लोद एरिन्याक यांची आजाक्सिओत हत्या झाली. इटालियनच्या तोस्काना बोलीला जवळ असलेली कॉर्सिकन भाषा आणि फ्रेंच अशा दोन भाषांत रस्त्यांच्या पाट्या असतात. त्यांतील फ्रेंच नावावर काळा रंग फासलेला किंवा बंदुकीच्या गोळ्यांची भोके पडलेली आढळतात. 'टूर' येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मे २०१३ मध्ये, बेटाच्या प्रतिनिधी सभेने कॉर्सिकनला फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत दर्जा देण्याचा ठराव केला. पॅरिसने तो मान्य केला नाही. अशा भूमीवर फ्रान्सची सर्वांत मोठी राष्ट्रीय शर्यत येणे ही साधी क्रीडा-घटना नव्हती. ती शांततेत पार पडली. पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, एफएलएनसीने शस्त्रे खाली ठेवत असल्याचे जाहीर केले. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध जोडणे धाडसाचे होईल. प्रश्नही पूर्ण सुटलेला नाही. एरिन्याक यांच्या हत्येप्रकरणी शिक्षा भोगत असलेल्या इव्हान कोलोना याच्यावर मार्च २०२२ मध्ये तुरुंगात हल्ला झाला, तेव्हा बेटावर पुन्हा दंगली उसळल्या आणि त्याच महिन्यात त्याचा मृत्यू झाला.

सायकलीच्या दृष्टीने मात्र बेटाने ती संधी वाया जाऊ दिली नाही. बास्तियापासून दक्षिण टोकाच्या बोनिफासिओपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरचा 'जीटी २०' हा सायकलमार्ग आखण्यात आला आहे. तो गर्दीचा किनारा शक्य तेथे टाळून आतल्या गावांतून जातो. साडेतीन लाखांच्या आसपास वस्तीच्या या बेटावर जुलै-ऑगस्टमध्ये लाखो पर्यटक उतरतात, अरुंद रस्त्यांवर मोटारी आणि राहुट्यांच्या गाड्या एकमेकींना अडवतात, झुडुपी रान वाळून वणव्यांचा धोका वाढतो आणि काही डोंगरभागांत प्रवेशच बंद केला जातो. म्हणून मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने सायकलीला उत्तम. मे महिन्यात उंच शिखरांवर बर्फ दिसतो, खाली रानझुडुपे फुललेली असतात आणि गावोगावच्या दगडी झऱ्यांना भरपूर पाणी असते. बाटली तेथेच भरून घ्यावी. पुढच्या गावापर्यंतचे अंतर पाटीवर कमी दिसले, तरी मधला चढ पाटीवर लिहिलेला नसतो.