वेगाला वेसण

नागपूरहून उमरेड, भिवापूर ओलांडून नागभीडला येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३५३ डी पुढे ब्रह्मपुरीवरून आरमोरीकडे जातो. नागपूर ते नागभीड हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. इतवारी–नागभीड ही नॅरोगेज गाडी रूपांतराच्या कामासाठी २०१९ मध्ये बंद झाली आणि तिच्या प्रवाशांना रस्त्याचाच आधार उरला. दवाखाना, न्यायालय, लग्नाची खरेदी अशा कामांसाठी भाड्याची मोटार करणाऱ्या कुटुंबांना एक अनुभव हमखास येतो. रस्ता मोकळा असूनही मोटारीचा काटा ८० च्या पुढे सरकत नाही. मग कोणीतरी सुचवतो, ‘हे गव्हर्नर काढून का टाकत नाही?’ हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याचे उत्तर किरकोळ नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११८ हा वेगनियंत्रकाविषयी आहे. एप्रिल २०१५ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. व्यावसायिक वाहनांसाठी ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरली. शाळेच्या बस, टँकर आणि डंपर यांच्यासाठी ती ६० राहिली. टॅक्सी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारी आज कारखान्यातूनच ८० ची मर्यादा घेऊन बाहेर पडतात. ठरलेला वेग गाठताच हे यंत्र इंजिनाला मिळणारे इंधन आवरते; चालकाने पायाखालची कळ कितीही दाबली तरी गाडी पुढे झेपावत नाही. खासगी मोटारींना मात्र अशी सक्ती नाही. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या मोटारींत ८० ओलांडल्यावर थांबून थांबून आणि १२० ओलांडल्यावर सतत वाजणारी सूचना असते, इतकेच.

मर्यादा वाढवावी असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना १२० ची मुभा आहे. तेथे १२० ने धावणाऱ्या मोटारींच्या प्रवाहात ८० वर अडकलेली टॅक्सी चालवणे कष्टाचे असते आणि वेगांतील ही तफावत स्वतःच एक धोका ठरू शकते. लांब ट्रक ओलांडताना ऐनवेळी जोर मिळाला नाही, तर समोरच्या बाजूला अडकून राहण्याचा प्रसंगही येतो. या तक्रारी ऐकून घेतल्याच पाहिजेत.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी लागते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा, टायर उत्तम असे मानले, तर ताशी ६० ने जाणारी मोटार सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते. ८० ला सुमारे ५७, १०० ला ८३ आणि १२० ला ११२ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. याहून बोलका हिशेब असा : ज्या जागी ६० ची मोटार नुकती थांबते, त्याच जागी ८० ची मोटार अजून ताशी सुमारे ६० च्या वेगात असते. फरक वीस किलोमीटरचा दिसतो; प्रत्यक्षात तो थांबणे आणि धडकणे यांतला असतो.

त्या बदल्यात हाती काय येते? जंगलातून जाणाऱ्या दहा किलोमीटरच्या टप्प्यात ६० ऐवजी ८० ने गेल्यास वाचतात अडीच मिनिटे. इतक्या अल्प नफ्यासाठी एवढी मोठी जोखीम कोणताही सुज्ञ व्यापारी पत्करणार नाही.

नागभीड परिसरात हा हिशेब अधिक जड होतो. घोडाझरी तलावाभोवतीचे जंगल २०१८ मध्ये अभयारण्य झाले. ताडोबा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांच्यामधला हा टापू वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याचा आहे. नागभीडवरूनच जाणाऱ्या गोंदिया–चंद्रपूर लोहमार्गावर नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोनाच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये बोरचा ‘बाजीराव’ हा वाघ नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने गेला. आणि प्रश्न केवळ वाघाचा नाही. चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाया, सायकलवरून शाळेला जाणारी मुले, धानाची पोती लादलेली बैलगाडी आणि रस्त्याच्या कडेने विहार करणारे साधु-साध्वी यांच्यापाशी ना भोंगा आहे, ना एअरबॅग. पावलापुढची भूमी पाहून चालावे, ही ईर्यासमितीची शिकवण मोटारीच्या भाषेत इतकीच होते : दिव्याच्या उजेडात जितके दिसते, तितक्यात थांबता यावे.

देशाचे चित्रही सावध करणारे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. २०१८ मध्ये केंद्राने वेगमर्यादा वाढवल्या होत्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द ठरवली. इंजिने सुधारली म्हणून वेग वाढवावा, हे कारण न्यायालयाला पटले नाही.

कायद्याचा भाग तर स्पष्टच आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अपघातानंतर विम्याचा दावा उभा राहतो, तेव्हा तोडलेले सील मालकाच्या विरोधात साक्ष देते. घरातल्या मुलांच्या विजेवरील दुचाकींनाही हाच विवेक लागू आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतील कमी शक्तीच्या वाहनाला परवाना व नोंदणी लागत नाही. पण त्याचा वेग चोरून वाढवला की ते वाहन त्या सवलतीबाहेर जाते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा वाहनांविरुद्ध कारवाई हाती घेतली होती.

मग तोडगा कोणता? खरा दोष मर्यादेच्या आकड्यात नाही. एकच आकडा सर्व रस्त्यांना लावण्यात आहे. समृद्धीवर अपुरे वाटणारे ८० घोडाझरीच्या जंगलात रात्री जास्तच ठरतात. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्याची मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची केली आहे. चालकाला ती बाजूला सारता येते. तरीही ठिकाणानुसार वेग हे तत्त्व तिने रुजवले. रस्त्यालाही शहाणे करता येते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले गेले आणि वाघही त्यांखालून जाऊ लागले.

म्हणून मर्यादा वाढवायचीच असेल, तर ती नियमात बदल करून, योग्य त्या रस्त्यापुरती वाढावी; गॅरेजमध्ये सील तोडून नव्हे. तोपर्यंत भाड्याच्या मोटारीत बसणाऱ्या कुटुंबाला एक गोष्ट आजच करता येईल. निघण्याची वेळ वीस मिनिटे आधी धरावी आणि चालकाला तसे आधीच सांगावे. पुष्कळदा चालकाला घाई नसते. मागच्या आसनावरून ती त्याच्या माथी मारली जाते.