बाळाचा पहिला वाढदिवस आणि आजीचा एक जून

बाळाचा पहिला वाढदिवस जवळ आला की घरात पहिली चर्चा सुरू होते ती हॉलची. मग केक किती किलोचा, डी.जे. लावायचा की नाही, बॅनरवर कोणाकोणाचे फोटो! ज्याचा वाढदिवस ते बाळ मोठ्या आवाजाला घाबरून आईच्या खांद्यावर रडत असते आणि वडील मनात पतपेढीच्या हप्त्याचा हिशेब करीत असतात. ऐपत असेल त्याने जरूर चार माणसे जेवू घालावीत. पण जावळाच्या बोकडासाठी सावकाराच्या दारात जाणारे आपलेच आजे-पणजे होते. ते जावळ सोडून आपण हॉलसाठी कर्ज काढू लागलो, तर सुटले काय?

मागच्या पिढ्यांत मूल वर्षाचे होणे ही साधी गोष्ट नव्हती. खुद्द बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. राजरत्न गेला तो 1926 साली. मोठा झाला तो एकटा यशवंत. आपल्या घरातील पणजीलाही विचारून पाहा, तिच्या बोटांवरच्या मोजणीत एखादे बोट नक्की मिटलेले असेल. म्हणून हा दिवस बाळाइतकाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आहे.

आणि या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस कधी असतो? कित्येकांच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून. शाळा जूनमध्ये भरे; पोराला नेऊन बसवले की गुरुजी अंदाजाने वय धरून तीच तारीख टाकीत. शाळेचे तोंडच न पाहिलेल्या आजीला तर तेवढीही तारीख नाही. पण तिला विचारले तर ती सांगते, ‘पोळा झाला आन् चौथ्या दिवशी.’

आमची सूचना अशी की, या दिवशी दोनशे पानी एक चांगली वही आणावी. पहिल्या पानावर बाळाचे पूर्ण नाव, जन्माची वेळ, वजन, ठिकाण लिहावे. पुढची पाने वडीलधाऱ्यांची. प्रत्येकाने आपला जन्म कुठे, कसा झाला, कोणत्या कामावर आई होती, ते सांगावे आणि कॉलेजात जाणाऱ्या भाचीने किंवा पुतण्याने ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. ‘1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, तवा तुझा आजा पोटात होता,’ असे पणजी सांगू लागली तर मध्ये तिची भाषा दुरुस्त करू नये. गेलेल्या लेकराचे नाव काढायला तिचे मन धजत नसेल तर आग्रहही करू नये. गावाकडून येऊ न शकलेल्यांसाठी काही पाने कोरी ठेवावीत.

कार्यक्रम बाळाची झोप सांभाळून ठेवावा. सकाळची झोप काढून ते उठले की दहा-साडेदहाची वेळ उत्तम. बौद्धाचार्यांना बोलवावे, त्रिशरण-पंचशील, वंदना अर्ध्या तासात आटोपावी. भाषणे नकोत, भाषणांना जयंती आहे! वंदनेत मेणबत्ती लावायची आणि लगेच केकवरची फुंकून विझवायची, हे आम्हाला तरी पटत नाही. मात्र आत्याने हौसेने केक आणलाच तर त्यावरून भांडणही नको.

जेवण साधे असावे. खीर करावी, पण बाळाच्या वाटीत अख्खे काजू-शेंगदाणे येऊ देऊ नयेत, घशात अडकतात. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलावेत, कारण तेही थेट तोंडात जातात. आहेराची पाकिटे आली तर मुलीच्या नावे पोस्टात सुकन्या समृद्धी खाते उघडावे, ते 250 रुपयांतही उघडता येते.

एक काम मात्र वाढदिवसाच्या आधीच उरकावे. जन्मदाखला काढून पाहा. दवाखान्यातून नोंद जाते, पण पुष्कळदा नावाचा रकाना कोरा राहतो. जन्माची नोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क पडते आणि तेही 15 वर्षांपर्यंतच. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. नाव, आईचे नाव, आडनाव यांचे स्पेलिंग नीट तपासा आणि दाखल्याची एक झेरॉक्स त्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवा.