सोंडा श्वास कुठून घेतो?

गहू घरात आला, तूर-हरभरा झोडून झाला, आता कोठ्या भरायचे दिवस. या दिवसांत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : धान्याला कीड लागू नये म्हणून काय करायचं? आज आम्ही जरा आडवाटेने जाणार आहोत. किडा श्वास कसा घेतो ते आधी पाहू. ते कळलं की कोठीचं काम सोपं होतं.

आपलं आधी बघू. आपण नाकाने हवा घेतो, ती फुप्फुसात जाते. तिथे हवेतला प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, रक्त उचलतं आणि अंगातल्या प्रत्येक पेशीला नेऊन देतं. ही ओझं वाहणारी वस्तू म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. ते कमी पडलं की बाहेर हवा भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. हंडा घेऊन चढ चढताना धाप लागते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं बोलायला हवं.

किड्याकडे ही रक्ताची वाहतूकच नाही. झुरळ चिरडलं तर पांढरट पाणी निघतं, लाल काही निघत नाही. (डास मारल्यावर हाताला लागतं ते लाल रक्त आपलंच असतं!) किड्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, छाती-पोटावर मिळून १० जोड्यांपर्यंत. त्या भोकांतून आत नळ्या जातात. नळीला फाटे, फाट्याला फाटे, असं करत शेवटच्या केसाहून बारीक नळ्या थेट पेशीपाशी पोचतात. हवा स्वतःच घरपोच जाते, मध्ये रक्ताचा हमाल लागत नाही. म्हणून तर मुंडकं तुटलेलं झुरळही कित्येक दिवस जिवंत राहतं. त्याचा श्वास डोक्यात नसतोच.

आता कोठीतला सोंडा घ्या. त्याची मादी गव्हाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते. वरून काही चोळलं तर तिच्यापर्यंत ते पोचत नाही. कडधान्यातला भुंगा मात्र दाण्यावर, सालीला चिकटवून अंडी घालतो. म्हणून तुरीला, मुगाला तेलाचा हात लावायची आपल्या सासवांची रीत खरी आहे : तेलाचा थर अंड्यावर बसतो आणि अंडं गुदमरतं. पण ज्वारी-गव्हाच्या पोटातल्या अळीला कोंडायचं तर हवाच तोडावी लागते.

हे आपल्याकडे नवं नाही. पूर्वी जमिनीत पेव असायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. पेवाचं तोंड बंद केलं की आतला माल आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवत नेतात, आणि मग किडेच मरतात. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, हा दंडक त्यासाठीच. न पाळणाऱ्यांचे जीव गेलेले आहेत.

घट्ट झाकणाचा पिंप किंवा हवाबंद पिशवी हे आपलं छोटं पेवच. धान्य आधी कडकडीत वाळवा, दाणा दाताखाली कटकन मोडला पाहिजे. ओल राहिली तर कीड मरेल, पण बुरशी येईल. पिंप गळ्यापर्यंत भरा, कारण वर मोकळी जागा राहिली तर तेवढी हवा किड्यांना पुरवठ्याला मिळते. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावा. आणि निदान महिनाभर उघडू नका. एवढा वेळ का? किडा आपली भोकं मिटून तास न् तास गप्प बसू शकतो, त्यामुळे दोन दिवसांत तो मरत नाही. रोजच्या दळणाचं धान्य वेगळ्या डब्यात काढून ठेवा. पिंप रोज उघडला तर सगळं मुसळ केरात.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते. बाजारात धान्यात टाकायच्या गोळ्या मिळतात. हवेतला दमटपणा लागला की त्यातून विषारी वायू सुटतो. हा वायू किड्याची भोकं बुजवत नाही. तो पेशीपर्यंत जातो आणि पेशीच्या आत प्राणवायूवर चालणारी चूल विझवतो. हवा पेशीपर्यंत कशी पोचते यात किडा आणि माणूस वेगळे आहेत, पण आतली चूल दोघांची एकच. म्हणून जो वायू सोंड्याला मारतो तोच शेजारी निजलेल्या लेकरालाही मारतो. दाराच्या फटीतून तो दुसऱ्या खोलीत जातो, आणि वास आला नाही म्हणजे वायू नाही असंही नसतं. या गोळ्या गोदामांसाठी, शिकलेल्या माणसांनी वापरायच्या आहेत, राहत्या घरासाठी नाहीत. आमच्या मते एक गोळीसुद्धा घरात नको, आणि दुकानदाराने सुटी दिली तरी घेऊ नका.

कुणी आधीच टाकल्या असतील तर सगळ्यांनी घराबाहेर पडा, दारं-खिडक्या उघड्या टाका. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, छातीत दडपण, धाप, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका. या विषावर उतारा नाही, त्यामुळे वेळेला फार किंमत आहे. १०८ ला फोन करा आणि गोळ्यांचं पाकीट किंवा नाव डॉक्टरांना दाखवा.